मुलाखत बघताना वही घेऊन बसा : उमेदवारांच्या मुलाखतींतला पक्षपात कसा पकडायचा

एप्रिल २०२४ मधली संध्याकाळ. लोकसभेच्या पहिल्या टप्प्यात, १९ तारखेला, नागपूरचं मतदान होतं. शेजारच्या काकूंकडे कूलर लावून आम्ही पाच-सहा जण टीव्हीवर एका उमेदवाराची मुलाखत बघत बसलो होतो. मुलाखत संपली तशा काकू म्हणाल्या, "किती छळलं बिचाऱ्याला! बोलूच देत नव्हता तो." त्यांचा पुतण्या तिथंच मांडी घालून बसला होता. तो म्हणाला, "काकू, काहून असं म्हणता? एक तरी अवघड प्रश्न विचारला काय त्यानं? जावयासारखी सरबराई चालली होती."

मी दोघांना एकच विचारलं, उमेदवाराला नेमकं किती वेळा मध्येच तोडलं? काकू म्हणाल्या, "सारखं." पुतण्या म्हणाला, "एकदाही नाही." मग आम्ही तीच मुलाखत यूट्यूबवर लावली आणि मोजलं. अठ्ठावीस मिनिटांत नऊ वेळा तोडलं होतं, आणि त्यातल्या सहा वेळा उत्तर विषय सोडून भलतीकडे चाललं होतं म्हणून. दोघंही काही वेळ बोलले नाहीत.

मी बरीच वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर उपसंपादक होतो. राजकीय मुलाखती कापायच्या, त्यांना मथळे द्यायचे, हे रोजचं काम. त्या संध्याकाळपासून आमच्या गल्लीत एक दोनशेपानी वही फिरते. ती कशी ठेवायची ते इथं पायरी-पायरीनं सांगतो. पक्षपात झाला की नाही हे आपल्याला आलेल्या रागावरून ठरवू नका, मोजून ठरवा. आणि मोजताना जे विचारलं त्याहून जास्त लक्ष जे विचारलंच नाही त्याच्याकडे द्या.

पहिली पायरी : पानाच्या डोक्यावर स्वतःचं मत लिहा

१९८५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १९८२ च्या बैरुतमधल्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या त्यांनी इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. बातम्या त्याच, फीत तीच. तरी दोन्ही गटांनी ठामपणे सांगितलं की बातम्या आपल्या विरोधात झुकलेल्या आहेत. काकू आणि त्यांच्या पुतण्यानं त्या दिवशी हेच केलं, मीही अनेकदा करतो.

म्हणून वहीच्या पानावर सगळ्यात वर लिहायचं: हा उमेदवार मला आवडतो, आवडत नाही, की फरक पडत नाही. दुसऱ्या कोणाला दाखवायची गरज नाही. मुलाखत शक्यतो एकट्यानं बघू नका. ज्याचं मत आपल्या विरुद्ध आहे असा एक जण शेजारी बसवा, दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर मोजा आणि शेवटी आकडे जुळवा. जिथं आकडे जुळत नाहीत, तेवढाच भाग परत बघायचा. आमच्याकडे बहुतेक वाद तिथंच मिटतात.

आणखी एक साधी युक्ती आहे. एखादा प्रश्न खटकला, तर मनातल्या मनात उमेदवाराचं नाव बदलून तोच प्रश्न वाचा. आपल्या नावडत्या उमेदवाराला तो विचारला असता तर आपण "बरं विचारलं" म्हटलं असतं का? म्हटलं असतं, तर प्रश्नात खोट नाही.

दुसरी पायरी : मुलाखतीआधीचा अर्धा तास

या पायरीवर मी सगळ्यात जास्त जोर देतो, कारण हिच्याशिवाय बाकीच्या पायऱ्या लंगड्या पडतात. समोर काय वाढलंय ते दिसतं, पण काय वाढलं नाही ते कळायला आधी स्वयंपाकघरात काय शिजलंय ते माहीत हवं.

प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत नमुना २६ मध्ये शपथपत्र द्यावं लागतं. त्यात गुन्हेगारी प्रकरणं, मालमत्ता, कर्ज, शिक्षण हे सगळं असतं. २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून हा मतदाराचा हक्क आहे. लोकसभा-विधानसभेची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि अॅपवर मिळतात. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथली शपथपत्रं त्यांच्याकडे बघायची. शपथपत्र समोर ठेवा, मागचा जाहीरनामा मिळाला तर तोही घ्या, आणि तुम्हाला त्या माणसाला विचारावेसे वाटतात असे पाच प्रश्न वहीत लिहा. पाचच, जास्त नकोत. मुलाखत संपल्यावर यातले किती विचारले गेले ते बघायचं.

खटल्यांबद्दलचा प्रश्न लिहिताना दोन्ही टोकं धरा. नागपूरचीच दोन उदाहरणं घेतो, दोन वेगळ्या पक्षांची. देवेंद्र फडणवीस यांनी २०१४ च्या शपथपत्रात दोन प्रकरणं दाखवली नाहीत, असा खटला होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो चालवायला सांगितलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयानं त्यांना निर्दोष ठरवलं. काँग्रेसचे सावनेरचे तेव्हाचे आमदार सुनील केदार यांना नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या घोटाळ्यात डिसेंबर २०२३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि आमदारकी गेली. आता बघा. फडणवीसांना आरोपाबद्दल विचारायचं आणि निकालाचं नाव काढायचं नाही, हा पक्षपात. केदारांशी सहकारावर तासभर गप्पा मारायच्या आणि बँकेचा उल्लेख टाळायचा, हाही पक्षपात. मुलाखतकाराला प्रकरणाचा शेवट माहीत आहे की नाही, हे प्रश्नावरून लगेच कळतं. तुम्हालाही तो माहीत असेल तरच.

आमच्या काकूंचा पहिला प्रश्न नेहमी नाल्याचा असतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा काकूंच्या बहिणीच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. त्यांनी वहीत लिहिलेला प्रश्न जसाच्या तसा देतो: "आमच्या मागच्या नाल्याची भिंत पडली ती कधी बांधणार, आणि तोवर कोण जबाबदार?" पत्रकारितेचं शिक्षण न घेता काकूंनी एका वाक्यात मुदत आणि जबाबदारी दोन्ही मागितल्या आहेत.

तिसरी पायरी : वही आखणं आणि मोजणं

पानावर पाच रकाने आखा. वेळ, प्रश्नाचा सारांश, प्रश्नाची जात, तोडलं का, उपप्रश्न आला का. प्रश्नाच्या जातीसाठी आम्ही गल्लीत चार नावं ठरवली आहेत.

पायघडी, म्हणजे उमेदवारासाठी अंथरलेला प्रश्न: "भाऊ, एवढ्या धावपळीत तुम्ही इतके उत्साही कसे राहता?" सापळा, म्हणजे ज्यात उत्तर आधीच कोंबलेलं असतं असा प्रश्न: "पराभव समोर दिसतोय म्हणूनच हा आरोप करताय ना?" यावर हो म्हटलं तरी फसला आणि नाही म्हटलं तरी पराभव चर्चेत आलाच. मोकळा: "शहराच्या पाण्याबद्दल तुमची योजना काय?" आणि खडा, म्हणजे नोंदीवर उभा असलेला प्रश्न: "मागच्या जाहीरनाम्यात अमुक रस्ता होता. तो झाला का? नसेल तर का?"

पायघडी वाईट आणि खडा चांगला, एवढं सरळ गणित नाही. सुरुवातीला माणूस मोकळा व्हावा म्हणून दोन पायघड्या कोणीही चांगला मुलाखतकार टाकतो. शेवटपर्यंत पायघड्याच राहिल्या, तर मात्र ती मुलाखत राहत नाही. काही प्रश्न दिसायला खडे आणि आतून पायघडी असतात. आपल्याकडचं ठरलेलं उदाहरण म्हणजे वेगळा विदर्भ. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार, हिवाळी अधिवेशन, अनुशेष, सगळं उगाळून झाल्यावर विचारतात, "तुम्ही वेगळ्या विदर्भाच्या बाजूनं आहात का?" उमेदवार छाती पुढं काढून हो म्हणतो, कारण हो म्हणायला काहीच खर्च येत नाही. भाजपनं १९९७ मध्ये भुवनेश्वरला वेगळ्या विदर्भाचा ठराव केला होता. खरा प्रश्न पुढचा असायला हवा: मग इतक्या वर्षांत तुमच्या पक्षानं संसदेत काय केलं? काँग्रेसवाल्यालाही तोच प्रश्न, सत्तेत असताना तुम्ही काय केलंत? हा दुसरा प्रश्न आला नाही, तर वहीत मोठ्या अक्षरात "पायघडी" लिहा.

म्हणूनच पाचवा रकाना, उपप्रश्नाचा, मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मी दोन नमुने रचून दाखवतो. पहिला:

"अंबाझरीच्या पुरात लोकांचं फार नुकसान झालं. आपण काय सांगाल?"
"तो निसर्गाचा कोप होता. आम्ही रात्रंदिवस लोकांच्या सोबत होतो."
"खरंय. आता प्रचाराकडे वळू या."

दुसरा:

"पुराच्या वेळी तुम्ही पदावर होतात. तलावाच्या सांडव्यासमोरच्या अडथळ्याबद्दल त्याआधी तुम्ही कोणाला पत्र लिहिलं होतं?"
"तो निसर्गाचा कोप होता. आम्ही रात्रंदिवस—"
"पत्राबद्दल विचारतोय."
"पत्र नव्हतं लिहिलं. पण बैठकीत बोललो होतो."
"कोणत्या बैठकीत? तिचं इतिवृत्त आहे का?"

पहिल्या नमुन्यात एकही वाईट शब्द नाही. मुलाखतकार सभ्य आहे, विषयही काढला आहे. पण "निसर्गाचा कोप" या दोन शब्दांच्या उत्तरावर पुढं जाऊ दिलं, आणि प्रेक्षकाच्या मनात पूर म्हणजे निसर्ग हे समीकरण पक्कं करून दिलं. सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकानं पाण्याला अडथळा होतो का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. तो प्रश्न मुलाखतीत आला की नाही, यावर पुराची अख्खी गोष्ट बदलते. दुसऱ्या नमुन्यात उमेदवाराला एकदा तोडलं आहे, पण ते तोडणं उत्तर मिळवण्यासाठी आहे. म्हणून तोडल्याच्या रकान्यात नुसती खूण करू नका, शेजारी लिहा: उत्तरासाठी तोडलं की उत्तर येत असताना तोडलं. मध्येच तोडून मुलाखतकार स्वतःच बोलत राहिला, तर तेही लिहा.

तोडण्यावरून लगेच हेतू काढू नये, यासाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. १९९७ मध्ये बीबीसीवर जेरेमी पॅक्समन यांनी ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांना एकच प्रश्न डझनभर वेळा विचारला. जगभर ती मुलाखत कठोर पत्रकारितेचा नमुना म्हणून दाखवतात. पुढं पॅक्समन यांनीच सांगितलं की कार्यक्रमाचा पुढचा भाग तयार नव्हता, त्यामुळं वेळ काढायचा होता. वहीत हेतू लिहायचा नाही, घडलं ते लिहायचं.

चौथी पायरी : भाषा ऐका

मराठीत पक्षपात लपवणं अवघड आहे, कारण आपली भाषा संबोधनातच सगळं सांगून टाकते. एका उमेदवाराला "साहेब", "भाऊ", "ताई", "आपण", आणि दुसऱ्याला आडनावानं आणि "तुम्ही". दोघं एकाच मतदारसंघात उभे, एकाच खुर्चीत बसलेले, मुलाखतकार तोच. हा फरक दिसला की वहीत दोन्ही संबोधनं समोरासमोर लिहून ठेवा. नागपुरात "भाऊ" सगळ्यांनाच म्हणतात हे खरं, म्हणून दोघांनाही म्हटलं तर हरकत नाही. एकालाच म्हटलं तर आहे.

छापील मुलाखतीत क्रियापदं बघा. हे मी डेस्कवर शिकलो आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं. एकच वाक्य, "रस्त्याचं काम पुढच्या वर्षी होईल", उमेदवारानं म्हटलं. मथळ्यात ते कसं जाईल? म्हणाले, सांगितलं, स्पष्ट केलं, ग्वाही दिली, ठणकावलं, दावा केला, सारवासारव केली, वेळ मारून नेली. "ग्वाही दिली" वाचणाऱ्याला रस्ता झाल्यासारखा वाटतो. "दावा केला" वाचणाऱ्याला तो होणार नाही असं वाटतं. शब्द उमेदवाराचे, पण निकाल उपसंपादकाचा. क्रियापदाचा हा परिणाम प्रयोगानंही दाखवला आहे. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मोटार अपघाताची फिल्म दाखवून गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात गाड्या एकमेकींवर जोरात "आदळल्या" असा शब्द होता त्या गटानं सरासरी ताशी ४० मैलांच्या वर सांगितला, आणि नुसता "स्पर्श" झाल्याचा शब्द होता त्या गटानं ३१.८. फिल्म एकच होती.

तेव्हा एक आठवडा दोन-तीन दैनिकं घ्या आणि दोन मुख्य उमेदवारांसाठी वापरलेली क्रियापदं दोन रांगांत लिहा. फार वेळ लागत नाही. आमच्या वाचनालयात दोन मुलींनी हे रंगीत पेनांनी केलं होतं, हिरवं एका उमेदवाराचं, निळं दुसऱ्याचं. चौथ्या दिवशी कोणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही.

पाचवी पायरी : तुलना, पण सारख्याची सारख्याशी

एका मुलाखतीवरून कधीही निकाल देऊ नका. त्याच मुलाखतकारानं, त्याच कार्यक्रमात घेतलेल्या दोन उमेदवारांच्या मुलाखती घ्या आणि वहीतले आकडे शेजारी ठेवा. समजा एकाला बावीस मिनिटांत चौदा प्रश्न, त्यात नऊ पायघड्या, उपप्रश्न दोन. दुसऱ्याला तेवढ्याच वेळात सव्वीस प्रश्न, पायघडी एक, सापळे आठ. एवढ्या फरकाला कारण हवं.

कारण असूही शकतं. दोघांना सारखेच कठोर प्रश्न म्हणजे न्याय, असं मी मानत नाही. जो पाच-दहा वर्षं पदावर आहे, त्याला नोंदीवरचे प्रश्न जास्त यायलाच हवेत, कारण निर्णय त्यानं घेतले आहेत. नव्यानं उभा राहिलेल्याला योजनेबद्दल आणि पैसा कुठून आणणार याबद्दल विचारायचं. म्हणून पदावरच्याची तुलना पदावरच्याशी करा, नव्याची नव्याशी. पदावरच्याला पायघड्या आणि नव्याला सापळे, असं उलटं दिसलं, तर मात्र मी ते पान लाल पेननं घेरतो.

सगळ्यात मोठी तफावत तर मुलाखत मिळण्यातच असते. २०२४ ला नागपूर लोकसभेत २६ उमेदवार होते. एका मतपत्रिका युनिटवर नोटासह १६ जागा असतात, त्यामुळं यंत्राला दोन युनिटं जोडावी लागली. त्या २६ पैकी किती जणांचा चेहरा तुम्ही मुलाखतीत बघितला? सगळ्यांना सारखा वेळ देणं व्यवहार्य नाही, हे मला मान्य आहे, आणि खासगी वाहिन्यांवर तसं कायद्याचं बंधनही नाही. पण बसपा, वंचित, अपक्ष यांना दोन मिनिटांचा बाइटही मिळत नसेल, तर मतदाराला लढत दोघांचीच आहे हे मतदानाआधीच सांगून झालेलं असतं. महापालिकेत हे आणखी वाढतं. १५१ जागा, ३८ प्रभाग, बहुतेक प्रभागांत मतदाराला चार मतं. त्या चारांपैकी एकाचीही मुलाखत न बघता आपण चार बटणं दाबतो.

कठोर आणि मवाळ यांची टोकं बघायची असतील तर देशपातळीवरच्या तीन मुलाखती यूट्यूबवर शोधून वहीत मोजा: २००७ ची करण थापर यांची नरेंद्र मोदींशी, जी मोदी काही मिनिटांत सोडून गेले, जानेवारी २०१४ ची अर्णब गोस्वामी यांची राहुल गांधींशी, आणि एप्रिल २०१९ ची, ऐन निवडणुकीतली, अक्षय कुमार यांनी घेतलेली मोदींची "अराजकीय" मुलाखत. सरावाला याहून चांगली फीत नाही.

सहावी पायरी : कात्री कुठं चालली

आम्ही एकदा एका उमेदवाराची मुलाखत छापली. त्याचं वाक्य होतं: "टाक्या बांधा, माझा विरोध नाही, पण जुन्या पाइपलाइनी बदलल्याशिवाय नुसत्या टाक्या बांधून उपयोग नाही." जागा कमी होती, पान सोडायची वेळ झाली होती. मथळा गेला: "टाक्या बांधून उपयोग नाही". दुसऱ्या दिवशी त्याच्या विरोधकानं वस्तीत तेवढंच कात्रण वाटलं. वाक्य खोटं नव्हतं, अवतरणचिन्हंही बरोबर होती. तो उमेदवार फोनवर एवढंच म्हणाला, "मी असं बोललो नव्हतो, दादा." खुलासा आतल्या पानावर, चार ओळींत गेला. त्या मथळ्यावर कात्री माझ्याच हातातली होती.

वाक्यं लहान होत जाण्याचा हा आजार जुना आहे. अमेरिकेत माध्यमांचे अभ्यासक डॅनियल हॅलिन यांनी टीव्हीवरच्या निवडणूक बातम्या तपासल्या. १९६८ मध्ये उमेदवाराचं सलग बोलणं सरासरी ४३ सेकंद दाखवत असत, १९८८ मध्ये ते ९ सेकंदांवर आलं. आपल्या रील्स त्याच वाटेनं चालल्या आहेत.

करायचं काय? व्हॉट्सअॅपवर आलेली क्लिप बघितली की पूर्ण मुलाखत शोधा आणि क्लिपच्या आधीचं एक मिनिट आणि नंतरचं एक मिनिट बघा. बहुतेक वेळा तेवढ्यात सगळं कळतं. थंबनेलवर "भडकले" लिहिलं असेल तर भडकल्याची जागा शोधा. कित्येकदा ती सापडतच नाही. छापील मुलाखतीत तीन टिंबं दिसली की थांबा, तिथं काहीतरी कापलंय. आणि उत्तर फार सलग, फार घोटीव असेल, बोलण्यातला एकही अडखळा नसेल, तर ती मुलाखत समोरासमोर झाली नसून प्रश्न पाठवून उत्तरं लिहून आली असण्याची शक्यता धरा. त्यात गैर काही नाही, पण वाचकाला तसं सांगायला हवं.

सातवी पायरी : पैसा आणि मालकी

महाराष्ट्रात उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा २०२४ मध्ये लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख होती. जाहिरात दिली की ती हिशेबात येते. मुलाखतीच्या रूपात तोच मजकूर "पॅकेज" घेऊन छापला, तर हिशेबातही येत नाही आणि वाचक जाहिरात समजून सावधही होत नाही. पेड न्यूज टिकून आहे ती या दुहेरी फायद्यामुळं. प्रेस कौन्सिलनं २०१० च्या अहवालात तिची व्याख्या केली: रोख किंवा वस्तुरूपात मोबदला घेऊन छापलेली वा दाखवलेली बातमी किंवा विश्लेषण. २०११ मध्ये उत्तर प्रदेशच्या आमदार उमलेश यादव यांना असा खर्च दाखवला नाही म्हणून निवडणूक आयोगानं अपात्र ठरवलं. आपल्याकडे २००९ च्या विधानसभा निवडणुकीत अशोक चव्हाण यांच्यावरचे मजकूर वेगवेगळ्या वृत्तपत्रांत अक्षरशः सारखे आल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं. आयोगानं २०१४ मध्ये खर्चाच्या हिशेबावरून नोटीस काढली, ती त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानं रद्द केली. पैसे दिले-घेतले हे सिद्ध करणं किती अवघड आहे, ते यावरून दिसतं.

म्हणून आपण पुराव्यासारखं जे हातात येतं तेवढंच बघायचं. तोच मजकूर दुसऱ्या दैनिकात शब्दशः आहे का? वार्ताहराचं नाव आहे का? एकाच पानावर दोन प्रतिस्पर्धी, दोघंही "प्रचंड मताधिक्यानं विजयी होणार" असं लिहिलं आहे का? कोपऱ्यात बारीक अक्षरात "जाहिरात" किंवा "प्रायोजित" आहे का? मुलाखत आली त्याच दिवशी त्या उमेदवाराची अर्धं पान जाहिरात आहे का?

मालकी माहीत असावी. लोकमत समूहाच्या दर्डा कुटुंबातले जवाहरलाल दर्डा राज्यात काँग्रेसचे मंत्री होते आणि विजय दर्डा काँग्रेसचे राज्यसभा खासदार. इंग्रजी 'हितवाद' १९११ मध्ये गोखल्यांच्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीनं सुरू केला. पुढं तो बनवारीलाल पुरोहितांकडे आला, जे आधी काँग्रेसचे आणि नंतर भाजपचे नागपूरचे खासदार होते. 'तरुण भारत'ची वैचारिक नाळ संघाशी आहे, ती त्यांनी कधी लपवली नाही. यातून अमुक मुलाखत पक्षपाती आहे असं सिद्ध होत नाही, आणि या सगळ्या ठिकाणी मी सरळ माणसं काम करताना पाहिली आहेत. मालकी वहीत पानाच्या तळाशी लिहायची, निकाल आकड्यांवरून द्यायचा.

तक्रार करायची वेळ आली तर

मुदती लक्षात ठेवा, कारण बहुतेक तक्रारी मुदतीत न गेल्यानंच पडतात. दैनिकातल्या मजकुराबद्दल आधी संपादकाला लेखी पत्र, समाधान झालं नाही तर प्रेस कौन्सिलकडे, छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत. वाहिनीबद्दल आधी वाहिनीला, प्रसारणापासून सात दिवसांत, आणि मग वृत्तवाहिन्यांच्या संघटनेनं नेमलेल्या न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अथॉरिटीकडे, अर्थात वाहिनी तिची सदस्य असेल तर. डिजिटल वृत्तमाध्यमांनी तक्रार अधिकारी नेमून पंधरा दिवसांत निर्णय द्यावा, असं २०२१ च्या नियमांत म्हटलं आहे.

लोकसभा-विधानसभेच्या काळात पेड न्यूजचा संशय असेल तर जिल्ह्याची माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती असते, तिच्याकडे कात्रणासह जा. समितीला तथ्य वाटलं तर निवडणूक निर्णय अधिकारी ९६ तासांत उमेदवाराला नोटीस देतात आणि त्याला ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं. मतदान संपण्याआधीच्या शेवटच्या ४८ तासांत टीव्हीवर निवडणुकीचा प्रचार होईल असं काही दाखवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नं बंदी आहे. २०१७ च्या गुजरात निवडणुकीत राहुल गांधींच्या मुलाखतीवरून आयोगानं या कलमाखाली नोटीस काढली होती आणि नंतर मागे घेतली.

पत्र कसं लिहायचं? "तुमची वाहिनी विकली गेली आहे" असं लिहिलं तर ते कोणी वाचत नाही, मी अशा पत्रांचे गठ्ठे पाहिले आहेत. वहीचं पान उतरवा. तारीख, कार्यक्रम, मिनिट-सेकंद, दोन उमेदवारांचे आकडे शेजारी-शेजारी, आणि न विचारलेले दोन प्रश्न. शेवटी एकच मागणी: हे प्रश्न पुढच्या मुलाखतीत विचारावेत. आम्ही अशी तीन पत्रं पाठवली. दोनांना उत्तर आलं नाही. तिसऱ्या ठिकाणच्या वार्ताहरानं फोन करून विचारलं, "काका, ती इतिवृत्ताची गोष्ट कुठं मिळाली?"

जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेचा प्रचार आमच्या गल्लीतून गेला. ढोल थांबवून एक उमेदवार काकूंच्या फाटकाशी वाकून नमस्कार करायला आला. काकूंनी वही काढली आणि नाल्याच्या भिंतीचा प्रश्न वाचून दाखवला. तो म्हणाला, "काकू, निवडून आलो की पहिलं काम तेच." काकूंनी विचारलं, "म्हणजे कोणत्या महिन्यात?" तो थोडा थांबला, मागच्या कार्यकर्त्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पावसाळ्याआधी." काकूंनी ते त्याच्यासमोरच लिहून घेतलं, तारीख टाकली, आणि वही शेजारच्या घरी दिली.